दातांच्या डॉक्टरचा कॅमेरा

३ मार्च, रविवार

कॅमेऱ्यांचा दुकानदार म्हणाला, जो फोटो काढशील त्याबद्दल खोलीवर जाऊन चार ओळी लिहीत जा. उजेड कुठून होता, माणूस कसा बसला होता, काय चुकलं. नाहीतर तीच चूक जन्मभर करशील आणि तिलाच अनुभव म्हणशील. म्हणून लिहायला बसलोय. शाळेत निबंध लिहायला सांगितला की मी पाणी प्यायला पळायचो. ताईला हे कळलं तर हसून लोळेल.

अजून कॅमेराच नाही, मग लिहायचं काय? कॅमेऱ्याबद्दलच लिहितो.

जुन्या कॅमेऱ्यांचं ते दुकान बसथांब्यासमोर, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी आहे. काचेमागचे तीन कॅमेरे मी मनात धरलेत. एक मोठा, काळा, कडेचं रबर निघालेला. उचलला की मनगट वाकतं. त्याला मी म्हैस म्हणतो. तिच्याबरोबर पंच्याऐंशीची लेन्स आहे, ती म्हणे खास चेहऱ्यांसाठीच असते. दुसरा छोटा, चकचकीत. पण तो गिऱ्हाइकासमोर काढला तर गिऱ्हाईक म्हणेल, यापेक्षा माझा फोन मोठा आहे. तिसरा विचित्रच. लेन्सच्या तोंडाभोवती बांगडीसारखा गोल फ्लॅश.

"तो दातांच्या डॉक्टरचा," दुकानदार म्हणाला. "म्हातारा झाला, दवाखाना बंद केला, इथे आणून टाकला. तुझ्या कामाचा नाही."

खोलीवर येऊन दाजींना सांगितलं. दाजी म्हणजे ताईचा नवरा. त्यांनीच मला या कारखान्यात चिकटवलं. म्हणाले, "मेहुणे, म्हैस घ्या नाहीतर गाय घ्या, दूध काढता येतं का तुम्हाला?"

सगळी खोली हसली. पैलवान तर खाटेवरून पडायचा राहिला. काडीसारखा बारीक आहे म्हणून त्याला पैलवान म्हणतात.

हसू दे. यांनी घरी पाठवलेले फोटो माझ्याच फोनवर काढलेत, हे विसरतात. या खोलीत कुणाचं लग्न जमलं असेल तर ते माझ्या बोटामुळे.

६ मार्च, बुधवार

आज दाजींनी माझ्या कानाखाली वाजवली. सगळ्यांसमोर.

झालं काय, तर जेवताना त्यांच्या हातून चमचा पडला. उचलला, पुन्हा पडला. मी म्हटलं, "दाजी, हातात जीव उरला नाही की काय?" बस एवढंच. गंमत केली. तर ताट बाजूला सारून उठले आणि दिली ठेवून. पूर्वी हा माणूस मुंगीला वाट देऊन चालायचा. ताई तर त्यांच्या शांतपणाचे गोडवे गाऊन माझे कान किटवायची. आता माशी बसली तरी चिडतात. जेवत नाहीत, पोट धरून गुडघे दुमडून पडतात. म्हणतात, तोंडाला पत्र्याची चव येते. मी म्हणतो, इथला स्वयंपाकी पत्र्याचाच आहे.

आमच्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडतात, आतलं शिसं भट्टीत वितळवतात आणि त्याच्या लाद्या पाडतात. दाजी आणि पैलवान भट्टीवर. मी बाहेर अंगणात, फोडलेल्या बॅटऱ्यांची प्लास्टिकची खोकी धुतो. दिवसभर ओला, पण मोकळ्या हवेत.

मी उलटा हात उचलला नाही तो ताईसाठी. एप्रिल संपला की दाजींचा करार पुरा होतो. करार पुरा केलेल्याला कंपनी कायम करते आणि कुटुंबासाठी दोन खोल्या देते. मध्येच गेला तो गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ताई तिकडे भांड्यांची पुडकी बांधून बसलीय. ठकी, म्हणजे माझी भाची, शेजारच्यांना सांगत फिरते की मी बाबांकडे राहायला चालले. बाबा इकडे आले तेव्हा ती पाळण्यात होती. तिने बाप पाहिला तो फोनमध्येच, तळहाताएवढा.

म्हणून गप्प बसलो. पण गालाने लक्षात ठेवलंय.

१० मार्च, रविवार

ठरलं. म्हैस.

दुकानदाराने मला स्टुलावर बसवून आधी म्हशीने आणि मग त्या गोल फ्लॅशवाल्याने काढलं. म्हशीच्या फोटोत मी असा दिसलो की मीच मला मुलगी देईन. दुसऱ्यात गालावरचा एकेक खड्डा, वस्तऱ्याने कापलेलं आणि दातात अडकलेला सकाळचा घास.

"चेहरा काढायचा तर लेन्सला थोडी दयामाया पाहिजे," दुकानदार म्हणाला.

"आणि याला?"

"याला नको. तोंडात काय सडलंय ते शोधायला बनवलाय तो."

म्हैस बाजूला काढून ठेवायला सांगितली. पगार झाला की नेतो. माझ्या दुकानाची पाटी कशी असेल ते बसमध्ये येताना ठरवून टाकलं. मागचा पडदा करडा. खुर्ची फिरणारी. बाहेर बाकडं, पण गादीचं.

१४ मार्च, गुरुवार

मॅनेजर साहेबांनी बोलावलं. त्यांनी आजवर मला "ए"शिवाय हाक मारली नव्हती. आज म्हणाले, "बस." वाटलं, काढून टाकतात.

तर साहेबांच्या हातात पैलवानचा फोटो! मी काढलेला, त्याने घरी पाठवायला छापून आणलेला. कुठून तरी साहेबांच्या टेबलावर पोचला होता. म्हणाले, भट्टीवरच्या आणि ओतकामावरच्या सगळ्या माणसांचे असे फोटो काढायचेत. दारातल्या भिंतीवर लावायचे. वर मोठी अक्षरं, 'आमची हसरी माणसं'.

मी फोनमधले आणखी दाखवले. साहेबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. डोळे गेले, नाक गेलं, तोंडापाशी थांबले.

"हसतोय. पण दात कुठे आहेत?"

"साहेब, लोक लाजतात."

"लाजू देऊ नकोस. मनमोकळं हसू पाहिजे मला. वरचा ओठ पूर्ण वर. हिरड्या दिसल्या तरी हरकत नाही."

एवढ्या बारीक नजरेचा माणूस मी पाहिला नाही. लोक फोटो बघतात तेव्हा शर्ट बघतात.

कोपऱ्यात कंपनीचे डॉक्टर चहा पीत बसले होते. तेही म्हणाले, "रंग खरा यायला हवा. फोनचा रंग लबाड असतो." मी खूश होऊन माझे तीन कॅमेरे सांगून टाकले. आपल्याला कळतं हे दाखवायचं होतं. गंमत म्हणून दातांच्या डॉक्टरचाही सांगितला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तोच," डॉक्टर म्हणाले.

१७ मार्च, रविवार

कंपनीने कॅमेरा घेतला. काम संपलं की माझा. साहेबांनी तोंडी शब्द दिलाय.

म्हशीचं वाईट वाटलं. पण धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात. कॅमेरा तो कॅमेरा. पुढेमागे पंच्याऐंशीची लेन्स याला बसते का बघू.

दुकानदार पिशवीत भरताना म्हणाला, "याने चेहरे काढणार तू?"

"कंपनीला असेच हवेत."

त्याने फ्लॅशची वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "कंपनीला चेहरे नकोत बाळा."

मी म्हटलं, तुमची म्हैस विकली गेली नाही म्हणून तोंड उतरलंय तुमचं. त्याने पिशवीचे पैसेही घेतले नाहीत. म्हाताऱ्या माणसांना नव्या धंद्याची भीती वाटते.

२० मार्च, बुधवार

पहिला दिवस! अंगणातलं काम बंद, दिवसभर कॅमेरा. गोदामात पांढरी चादर लावली, खुर्ची ठेवली. भट्टीची पाळी सुटली की माणसं केस ओले करून, भांग पाडून रांगेत. एकच निळा शर्ट सगळ्यांनी आळीपाळीने घातला. भिंतीवर लागले की सगळे भाऊभाऊ दिसणार.

हसवायची युक्ती मला सापडली. 'हसा' म्हटलं की माणूस कुलूप लावतो. 'हसू नका हं, साहेब रागावतील' म्हटलं की फुटतोच. पैलवान बसला तेव्हा म्हटलं, "पैलवान, पोट आत घे, फोटोत मावत नाहीस." तो असा हसला की पडजीभ दिसली.

स्क्रीनवर बघितलं तर दातांच्या मुळाशी काळपट निळी रेघ. बारीक, हिरडीच्या काठाकाठाने. फोनमध्ये कधी दिसली नव्हती. कॅमेरा म्हणजे कॅमेरा आहे.

"तंबाखू सोड रे," मी म्हटलं.

"आईशप्पथ, कधी तोंडाला लावली नाही."

"मग दात घास."

भट्टीवाल्यांत बऱ्याच जणांना ती रेघ आहे. एकाच साबणाने दात घासतात की काय!

साहेब आणि डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. डॉक्टर म्हणाले, "तपासायला रक्त घ्यायचं म्हटलं की बोंब, वकील, कागद. आणि हे बघा. भांग पाडून रांगेत उभे आहेत." साहेब हसले. मीही हसलो. कलेची ताकद आहे ती.

एकच चूक झाली. एका पोराच्या कपाळावरच्या पुटकुळ्या मी कॉम्प्युटरवर पुसल्या, तर साहेब भडकले. "हात लावायचा नाही. जे आहे ते." बरोबर आहे त्यांचं. खऱ्या कलाकाराने रंगसफेदी करू नये.

२५ मार्च, सोमवार

पैलवान गेला. भट्टीवरचे आणखी काही जण गेले. कंपनीने त्यांना सुट्टी दिली म्हणे. सही घेतली, दुपारच्या गाडीत बसवलं. माझं नशीब बघा. ज्यांचे फोटो सगळ्यांत चांगले आले, नेमके तेच गेले. छापलेले फोटोही न्यायला थांबले नाहीत. लोकांना किंमत नाही.

फाटकाशी पैलवान म्हणाला, "माझा फोटो भिंतीवर लागणार ना रे?"

"मधोमध," मी म्हटलं.

भिंतीवर अजून खिळाही नाही. साहेब म्हणतात, चौकटी बनताहेत.

त्याची खिडकीजवळची खाट मला मिळाली. उजेड फार छान येतो. कडेने येतो, मऊ. इथे कुणाला बसवलं तर फ्लॅशची गरज कमीच पडेल.

२८ मार्च, गुरुवार

दाजी तेवढे राहिलेत. पाळी बदलून घेतात, डोकं दुखतं म्हणतात, संडासात जाऊन बसतात. आज अंघोळ करून खाटेवर बसले होते तेव्हा गाठलं. शर्टाचं बटण लागत नव्हतं त्यांना. मी लावायला गेलो तर हात झटकला.

"दाजी, उद्या तुमचा नंबर."

"मला नाही काढायचा."

"सगळ्यांचे झाले."

"आणि सगळे आहेत कुठे आता?"

"सुट्टीवर."

"मागितली होती कुणी?"

मी म्हटलं, साहेबांना पाहिजे. त्यांनी बटणाचा नाद सोडला. "बरं. काढायचाच असेल तर तोंड मिटून काढ."

"हसरा पाहिजे."

"मिटल्या तोंडाने माणूस हसत नाही का? ताईला विचार तुझ्या. लग्नात मी तसाच हसलो होतो."

मग आरशासमोर गेले. अंगठ्याने वरचा ओठ उचलला, बघितलं, सोडला. मी बघतोय हे लक्षात आलं तेव्हा जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "एप्रिल संपू दे. एवढा एप्रिल. मग कितीही काढ. नाचताना काढ, उलटं टांगून काढ."

या माणसाने मला आजवर हुकूम दिले, शिव्या दिल्या. मागितलं काही नव्हतं. पहिल्यांदाच मागितलं. मला वाटतं, ज्याला कानाखाली दिली त्याच्यासमोर खुर्चीत बसायचं, हे त्यांच्या नाकाला झोंबतंय.

पण मनात पाल चुकचुकली, तेही लिहितो. गेले ते सगळे रेघवाले. रेघ नसलेला एकही गेला नाही. आता मी काही डॉक्टर नाही. फोटो काढणाऱ्याने दिसेल ते दाखवायचं, पुढचं ज्याचं त्याने बघावं.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "तुझा दाजी राहिला. त्याचा आणून दे, मग खोकी धुणं कायमचं बंद. ऑफिसात खुर्ची. कॅमेरा घेऊन बस."

खुर्ची! घरात खुर्चीवर बसून कमावलेला मी पहिला असेन.

३१ मार्च, रविवार

काढला. आजवरचा माझा सगळ्यांत चांगला फोटो.

सकाळी बाहेर जाऊन ताईला फोन केला, ठकीशी बोललो. तिचा पुढचा दात पडलाय. घरभर मिरवतेय. तिला म्हटलं, बाबांना दाखव दुपारी. आणि मग म्हण, आता तुमचे दाखवा, तुमचे किती आहेत, आ करा. तिला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. हुशार आहे पोरगी, लगेच पाठ झालं.

दुपारी दाजींना म्हटलं, माझ्या खाटेवर बसा, इथे फोनला रेंज चांगली येते. कॅमेरा स्टँडवर लावून वर टॉवेल टाकून ठेवला होता. फोन लागला. ठकी स्क्रीनभर तोंड उघडून उभी.

"बाबा, बघा, भोक!"

"अरे बापरे! कुणी चोरला?"

"चोरला नाही, पडला. आता तुमचे दाखवा. आ करा. आ!"

दाजी आधी नुसते ओठ मिटून हसले. ती म्हणाली, "असं नाही, मोठ्ठा आ! नाहीतर मी येणार नाही तिकडे." हे मी शिकवलं नव्हतं. हे तिचं स्वतःचं. आणि दाजींनी आ केला. खदखदून हसत. मान मागे, डोळ्यात पाणी, वरचा ओठ पार वर. मी टॉवेल ओढला आणि बटण दाबलं.

फ्लॅशने सगळी खोली पांढरी झाली.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. फोन चालूच होता. ठकी विचारत होती, बाबा, वीज चमकली का? म्हणून दाजी तसेच हसत राहिले. "हो गं, वीज चमकली." ती फोन ठेवेपर्यंत हसत राहिले. पण ते पुढचे फोटो घ्यायला मला सुचलं नाही.

मग म्हणाले, "पुसून टाक."

"दाजी, असा फोटो परत येत नाही."

"मग ती रेघ तरी पूस. येतं ना तुला? त्या पोराच्या पुटकुळ्या पुसल्या होत्यास."

"साहेबांनी हात लावायला मना केलंय."

ते हात जोडायला लागले. तळवे जुळले, बोटं जुळली नाहीत, लोंबत राहिली. मोठ्या माणसाने असं करू नये. मी म्हटलं, बघतो, आणि कॅमेरा घेऊन ऑफिसात आलो.

कॉम्प्युटरवर उघडला. खरं सांगतो, पुसणार होतो. दोन फराट्यांचं काम. पण फोटो बघितला आणि हात पुढे जाईना. डोळ्यातलं पाणी दिसत होतं. एकेक पापणी सुटी दिसत होती. हसताना नाकपुडी फुगते ती दिसत होती. रेघ तर अशी, जशी कुणी टोकदार पेन्सिलीने निगुतीने ओढलीय. ती पुसली असती तर दात खोटे वाटले असते, आणि मग सगळंच हसू खोटं वाटलं असतं. ज्याने हाताने बिघडवायचं त्याने कशाला फोटो काढावेत?

शिवाय साहेबांना कळलं असतं.

२ एप्रिल, मंगळवार

फोटो दिला. डॉक्टरांनी मोठा करून घेतला, पेन्सिलीचं टोक पडद्यावर त्या रेघेवरून इकडून तिकडे फिरवलं आणि म्हणाले, "अप्रतिम."

मी म्हटलं, "आभारी आहे."

ते वळून माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक मी तिथे आहे हेच विसरले होते.

४ एप्रिल, गुरुवार

दाजींना सुट्टी दिली. कागदावर 'स्वतःच्या इच्छेने' असं छापलेलं होतं. दाजी चांगले शिकलेले, अक्षर मोत्यासारखं, पण पेन धरवेना. अंगठा दिला. साहेब म्हणाले, चालेल, अंगठाही चालतो.

बॅग भरताना मी गेलो. चेन लागत नव्हती, मी ओढली. या वेळी हात झटकला नाही.

"सुट्टीच तर आहे, दाजी," मी म्हटलं.

"हो रे. सुट्टीच आहे."

"तब्येत सुधारली की बोलावतील."

"हो."

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ज्याचा आवाज सगळ्या खोलीत घुमायचा, तो माणूस नुसता हो हो करत होता.

जाताना म्हणाले, "एक प्रत आहे का? पोरगी बोलत होती तेव्हाची."

मी आणलीच होती. छान कागदावर काढली होती, मोठी. त्यांनी बघितली. बराच वेळ बघितली. मग शर्टाच्या आत, पोटाशी सरकवली.

"ताईला सांगू नकोस."

"सुट्टीचं?"

"कुणी काढला ते."

फाटकावरच्या माणसाने त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं. त्याची दोरी मानेत अडकली तेव्हा त्यानेच सोडवली.

१४ एप्रिल, रविवार

ताईचा फोन आला. दहा मिनिटं नुसती फोटोबद्दलच बोलली. चौकट करून लावलाय. येणाराजाणारा बघतो. म्हणाली, "किती वर्षांनी यांना असं हसताना बघितलं रे. कुणी काढला? हे काही सांगत नाहीत."

"इथला एक फोटोग्राफर आहे."

"हात चांगला आहे हो त्याचा. त्याच्याकडून शीक जरा. नुसता उंडारत असशील."

आयुष्यातली पहिली खरी शाबासकी, आणि ती दुसऱ्याच्या नावावर गेली. जीभ चावून गप्प बसलो. वचन म्हणजे वचन.

मग तिचा आवाज उतरला. दाजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात. पाण्याचा तांब्या हातातून सुटतो. ठकी सारखी म्हणते, बाबा, आ करा ना, तसा करा ना, आणि ते ओठ घट्ट मिटून घेतात. काल ती रडली. म्हणाली, फोटोतले बाबा दे मला, हे नको.

"सुट्टी कधी संपते रे यांची? भांड्यांची पुडकी सोडू की बांधलेलीच ठेवू?"

मी खुर्चीत होतो. ऑफिसच्या. ती गोल फिरते.

"ठेव बांधलेली," मी म्हटलं.

२२ एप्रिल, सोमवार

नवी माणसं आली. ट्रकभर. साहेबांनी आता पद्धतच करून टाकलीय. आल्याआल्या एक फोटो, आणि मग दर हंगामाला एक. माझं काम पक्कं झालं. कॅमेराही माझा झाला. साहेब शब्दाला जागले. दुकानाची पाटी थोडी लांबली, पण हातात रोजचे चेहरे आहेत, हात साफ होतोय. दुकानात एवढे चेहरे कुठून आले असते?

दारातल्या भिंतीवर अजून काही लागलेलं नाही. मी विचारायचं सोडलंय.

अडचण एकच. नवी माणसं हसत नाहीत. बावरलेली असतात, प्रवासाने थकलेली. कुणीतरी त्यांच्या कानात काहीतरी घातलंय असं दिसतं, कारण खुर्चीत बसले की ओठ शिवून घेतात. माझे सगळे विनोद करून झाले. 'हसू नका'ची युक्तीही चालेना. साहेब दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

मग सुचलं.

पहिला माणूस दाढी वाढलेला, दगडासारखा. त्याला विचारलं, "दादा, घरी लहान कोण आहे?"

त्याचा चेहराच पालटला. म्हणाला, "मुलगा आहे. नुकता बोलायला लागलाय."

आता लेन्स, उजेड, पडदा काहीच आधी बघत नाही. खुर्चीत बसवलं की आधी तेवढंच विचारतो. बायको असेल तर नाही जमत, आई असेल तर रडतात. लहान मूलच पाहिजे. मग माझा फोन काढतो आणि म्हणतो, नंबर सांगा, मी लावून देतो.